पाणी साचणाऱ्या कोपऱ्यात वाळुंज लावायचं असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुळशीकडे वीस गुंठे जागा, उताराच्या तळाशी एक कोपरा, तिथे जूनअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत घोट्याएवढं पाणी. आंबा गेला, चिकू गेला, हौसेने आणलेली लिंबंही गेली. काश्मीरच्या सहलीत पाण्याच्या कडेने उभे असलेले विलो पाहिले आणि वाटलं, हे आपल्याकडे का नको? पण झाड इथलंच हवं, झुडूपच राहायला हवं कारण मागची डोंगररांग झाकायची नाही, आणि सेप्टिक टँक तिथून वीसेक फुटांवर आहे. मी पाणथळ जागांवर आणि ओढ्याकाठी देशी झाडं लावण्याचंच काम करतो, म्हणून जरा लांबण लावतो. सांभाळून घ्या.

विलो म्हटलं की आपल्याला बॅट आठवते आणि बॅटवरून काश्मीर. पण त्याच सॅलिक्स प्रजातीतलं एक झाड सह्याद्रीच्या ओढ्यानद्यांवर पूर्वापार आहे. त्याचं नाव वाळुंज, शास्त्रीय नाव सॅलिक्स टेट्रास्पर्मा. कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यात दिसतं, पुण्यात मुळा-मुठेच्या काठीही दिसतं. लांबट, टोकदार पान, कडेला बारीक दाते, वरून हिरवंगार आणि खालून पांढुरकं. वारा आला की सगळं झाड एकदम फिकट होतं आणि पुन्हा हिरवं होतं, त्यावरून लांबूनही ओळखू येतं. कोवळ्या फुटीवर तांबूस झाक असते. म्हणजे विलो हवा आणि तो इथलाच हवा, हा तुमचा हट्ट पुरवता येतो. काश्मिरातल्या जाती थंडीत वाढलेल्या, त्या आणू नका. चित्रांतला लोंबत्या फांद्यांचा विलो तर मूळचा चीनकडचा आहे. तो आपल्याकडे जगला तरी रडतखडतच जगतो.

आता अडचण. तुम्ही विचारलंय, कोणतं झाड या पाण्यात तगेल. मला आधी विचारावंसं वाटतं, की तुमच्या कोपऱ्यात मे महिन्यात काय असतं?

आंबा-चिकू का गेले ते पाहा. साचलेल्या पाण्यात मातीतली हवा संपते, मुळांना श्वास मिळत नाही, ती कुजतात. वाळुंजाला याची फिकीर नसते. त्याच्या मुळांत हवा खेळवणाऱ्या पोकळ्या तयार होतात, आणि खोडाचा जो भाग पाण्यात बुडतो त्यालाच नवी मुळं फुटतात. पुरात उभ्या वाळुंजाच्या बुंध्याला लालसर मुळांची झालर लोंबताना दिसते, ती हीच. त्यामुळे जुलै-ऑगस्टची काळजी सोडून द्या. पण ज्या ओढ्याकाठी हे झाड सुखाने वाढतं, तिथे पाण्याचा प्रवाह आटला तरी वाळूखाली ओल असते आणि मुळं तिच्यामागे खाली जातात. उन्हाळ्यात त्याला घाम गाळायला पाणी लागतंच. मी पाहिलेली मेलेली वाळुंजं बहुतेक पावसात नाही, एप्रिल-मेमध्ये मेलेली आहेत. मालकाला वाटतं पाण्याने कुजलं. उपटून बघावं तर मूळ कोरडं, काडीसारखं कटकन मोडतं.

म्हणून काही विकत घेण्याआधी एप्रिलच्या मध्यावर पहार घ्या आणि त्या कोपऱ्यात दोन फूट खोल खड्डा काढा. खालच्या मातीचा गोळा मुठीत दाबून बघा. गोळा वळला, हाताला गारवा लागला, किंवा रात्रभरात तळाशी पाणी झिरपलं, तर जागा वाळुंजाची आहे. माती भुसभुशीत कोरडी निघाली किंवा काळ्या मातीत बोट जाईल एवढ्या भेगा दिसल्या, तर जागा वाळुंजाची नाही. पावसाळ्यात तिथे कितीही पाणी असो.

मुळशीकडच्या उतारांवर दोन्ही प्रकार शेजारीशेजारी सापडतात, म्हणून इथे बसून मी तुम्हाला छातीठोक सांगू शकत नाही. डोंगरातून पाझर येत असेल, म्हणजे पाऊस थांबून महिना झाला तरी कोपऱ्यात उमाळे असतील, तर आशा आहे. वर भाताची खाचरं असतील तर तीही पाणी धरून ठेवतात आणि हळूहळू खाली सोडतात. पण नुसतं पावसाचं पाणी खालच्या कातळावर अडकून बसलं असेल, तर कातळ जेवढा वर तेवढी जागा लवकर सुकते. पहार दीड फुटावर टणकन वाजली तर तेही उत्तरच समजा. तिसरी शक्यता तुम्ही लिहिलेली नाही, पण टँक जवळ आहे म्हणून विचारतो. कोपऱ्यातल्या चिखलाला उन्हाळ्यात वास येतो का? माती काळीनिळी निघते का? तसं असेल तर ते पावसाचं पाणी नाही, तुमच्या घराचंच आहे. झाडाचा विचार बाजूला ठेवून आधी शोषखड्डा तपासा.

पाझराची जागा आहे असं धरून पुढे जातो.

रोप साध्या नर्सरीत क्वचितच मिळेल. मिळालं तर पान उलटून बघा, पांढुरकं नसेल तर घेऊ नका. पण रोपाची गरजच नाही, कारण वाळुंज काडीवर येतं. इतकं सहज येतं की ओल्या काठावर मोडून पडलेली फांदीही धरते. बियांचा मात्र नाद सोडा. त्या कापसासारख्या तंतूंवर उडतात, थोडेच दिवस जिवंत राहतात आणि त्याच दिवसांत ओल्या गाळावर पडल्या तरच रुजतात. आपल्या नद्यांना भिंती बांधून आपण तो उघडा गाळच संपवत आणलाय, त्यामुळे जुन्या झाडांखाली नवी रोपं शोधायला गेलात तर हात हलवत परत याल.

काडी कधी घ्यायची? हिवाळ्यात पानं गळून गेल्यावर आणि डोळे फुगायला लागल्यावर, साधारण डिसेंबरअखेर ते फेब्रुवारीची सुरुवात. तेव्हा फांदीत साठा असतो आणि पाणी उडून जायला पानं नसतात. भर पावसाळ्यात घेतलेली काडीही मुळं धरते, पण पानांचं ओझं असल्याने नासण्याचं प्रमाण जास्त. गेल्या वर्षा-दोन वर्षांत वाढलेली, अंगठ्याएवढी जाड, सरळ फांदी निवडा. शेंड्याकडचा कोवळा भाग टाकून द्या. खालचा काप तिरका आणि वरचा आडवा घ्या, म्हणजे वर-खाली उलटसुलट होत नाही. कापल्यावर काड्या बादलीत उभ्या करून एक-दोन दिवस पाण्यात ठेवा. मुळांसाठी कसली पावडर विकत घेऊ नका, या झाडाला ती लागत नाही.

नदीकाठचं झाड कुणाचं तरी असतं, मालकाचं, ग्रामपंचायतीचं नाहीतर वनखात्याचं. विचारल्याशिवाय हात लावू नका, आणि अभयारण्यातून किंवा राखीव जंगलातून तर काडीही नाही. एकाच झाडाच्या काड्या आणण्यापेक्षा दोन-तीन झाडांच्या आणा. वाळुंजात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, आणि नराच्या काडीपासून नरच येतो. हिवाळ्यात फुलोरा असताना गेलात तर ओळखता येतं. नराचे तुरे पिवळसर, पराग झडणारे, मंद वासाचे. मादीचे हिरवट, आणि पुढे त्यांचाच कापूस होतो. कापूस घरात उडून येईल असं वाटत असेल तर निव्वळ नर लावा. मला विचाराल तर दोन्ही लावा. थोड्या दिवसांचा प्रश्न असतो आणि केराला झाडू आहे.

पाझर वर्षभर टिकत असेल तर काड्या थेट जागेवर ठोका. इथे लहान काडीपेक्षा चार-पाच फुटांचा खुंट बरा. पहारेने आधी भोक पाडायचं, खुंट निम्म्याहून जास्त आत जाईल असा बसवायचा, आणि खालचं टोक ओलीपर्यंत पोचलंय याची खात्री करायची. सगळा डाव त्यातच आहे. वरच्या अर्ध्या फुटात ओल दिसते म्हणून आखूड काडी खोचली, तर मार्चमध्ये ती पालवते, तुम्ही खुश होता, आणि एप्रिलअखेर ती पालवी करपते. भोवतीची माती टाचेने घट्ट दाबा. खुंटाच्या कडेला पोकळी राहिली तर तिथे मूळ धरत नाही.

ओल आहे पण बेताची, अशी जागा असेल तर पिशव्या भरा. निम्मा पोयटा, उरलेल्यात वाळू आणि जुनं कुजलेलं शेणखत. फूट-दीड फुटाची काडी दोन तृतीयांश आत. पिशव्या सावलीत, पाणी धरून ठेवणाऱ्या पसरट टबात ठेवल्या तरी चालतं. एरवी रोपवाटिकेत हे पाप आहे, इथे नाही. जूनच्या पहिल्या पावसात रोपं बाहेर लावा, पण तुमच्या कोपऱ्यात जेवढं पाणी चढतं त्याच्या वर रोपाचा शेंडा राहील एवढं ते उंच झालेलं हवं. मुळं पाण्यात बुडालेली चालतात, अख्खं रोप आठवडेच्या आठवडे बुडालेलं चालत नाही. शेंडा बुडणार असेल तर घाई करू नका. पाणी ओसरताना, सप्टेंबरअखेर लावा. तेव्हा मातीत ऊब असते आणि ओल जशी खाली सरकते तशी मुळं तिच्यामागे जातात.

पहिले दोन उन्हाळे जपा. पाणी ओसरलं की बुंध्याभोवती पालापाचोळ्याचं किंवा भाताच्या पेंढ्याचं चांगलं जाड आच्छादन करा, बुंध्याला चिकटवू नका. मार्च ते मे आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्या. रोज तांब्याभर ओतलं तर मुळं वरच्या वर राहतात आणि तुम्ही गावाला गेलात की संपलं. आणि कुंपण करा. शेळ्यांना वाळुंजाचा पाला फार आवडतो. तुमच्याकडे शेळ्या नसतील, वस्तीवर असतीलच.

आता उंचीचं. सोडून दिलं तर वाळुंजाचा वृक्ष होतो, दुमजली घराच्या वर जातो. जे लोक याला झुडूप म्हणून विकतात त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. पण विलोच्या जातभाईंमध्ये एक गुण सारखा आहे, बुंध्यापाशी कापलं की जोमाने धुमारे फुटतात. जगभर टोपल्यांसाठी विलो असाच कापत आलेत. म्हणून पहिली दोन वर्षं कापू नका, मूळ बसू द्या. तिसऱ्या जानेवारीत, पालवी फुटायच्या आधी, जमिनीपासून फूट-दीड फुटावर कापा. पाणी घोट्याएवढं चढतं, तर काप त्या पातळीच्या वरच हवा, नाहीतर नवे फुटवे पाण्याखाली गुदमरतील. पावसाळ्यापर्यंत पुरुषभर उंचीचा दाट झुपका होतो. पुढे दर दुसऱ्या वर्षी छाटणी. तीन-चार झाडं असतील तर सगळी एकदम कापू नका, आलटून पालटून कापा. एकतर कोपरा बोडका दिसत नाही, आणि दुसरं म्हणजे फुलं जुन्या फांदीवर येतात. सगळी दरवर्षी कापलीत तर तुरे कधीच बघायला मिळणार नाहीत. कापलेल्या फांद्यांच्या लवचिक काठ्या कुंपण विणायला छान होतात, पण ताज्या काठ्या जमिनीत रोवू नका. रोवल्यात तर तुमचं कुंपणच झाडं होऊन उभं राहील.

सेप्टिक टँक मात्र मला खटकतो. विलोची मुळं पाण्याच्या मागावर असतात. पाइपच्या जोडातून किंवा विटांच्या भेगेतून जरा पाझर असला की बारीक मूळ आत शिरतं आणि आत गेल्यावर जटा माजवतं. वीस फूट अंतर मला पुरेसं वाटत नाही. छाटणीने मुळांचा पसारा आटोक्यात राहतो हे खरं, पण त्याच्या भरवशावर मी टाकी ठेवणार नाही. टाकी आणि तिचे पाइप यांपासून निदान पस्तीस-चाळीस फूट सोडा. विहीर असेल तर तिच्या बांधकामालाही तोच नियम. कोपऱ्याचा लांबचा काठ तेवढ्या अंतरावर असेल तर वाळुंज तिकडे लावा आणि टाकीकडच्या बाजूला वाळा लावा. वाळ्याची मुळं सरळ खाली जातात, शेजाऱ्याच्या घरात डोकावत नाहीत. मधल्या चिखलात अळू. अंतर मिळतच नसेल तर वाळुंज लावू नका, एवढं स्पष्ट सांगतो.

प्रश्नात शेवटी एक ओळ होती, की झाड लावल्यावर पाणी साचायचं थांबेल ना. नाही थांबणार. ही समजूत फार पसरलेली आहे. झाड पाणी ओढतं ते पानांवाटे उडवण्यासाठी, आणि मुळशीच्या जुलैमध्ये हवाच एवढी ओली असते की उडून उडून किती उडणार? जेव्हा ते खरं पाणी ओढू लागतं तेव्हा तुमचं साचलेलं पाणी आधीच ओसरलेलं असतं. शिवाय विलो पाणी आटवत नाहीत, गाळ धरतात. काश्मीरच्या वुलर सरोवरात लाकूडफाट्यासाठी लावलेल्या विलोंनी इतका गाळ अडवला की सरोवर आक्रसलं, आणि आता तीच झाडं लाखांनी तोडून गाळ उपसावा लागतोय. तुमच्या कोपऱ्यातून शेजाऱ्याच्या शेताचं पाणी बाहेर जात असेल तर त्या वाटेत आडवी रांग लावू नका, वाटेच्या दोन्ही अंगांना लावा. नाहीतर काही वर्षांनी घोट्याचं पाणी गुडघ्याला येईल आणि बांधावरून भांडण होईल ते वेगळंच. मुरूम टाकून कोपरा भरायचा सल्लाही तुम्हाला कुणीतरी देईलच. भरलात तर तेच पाणी दुसरीकडे वाट काढेल, बहुधा घराच्या दिशेने.

मग हे झाड लावून मिळतं काय? हिवाळ्यात, आजूबाजूला फारसं काही फुललेलं नसताना, वाळुंजावर मधमाश्यांची झुंबड असते. कॉमन लेपर्ड नावाचं काळ्या ठिपक्यांचं केशरी फुलपाखरू त्याच्या पानांवर अंडी घालतं. तांबटाच्या झाडावरही तेच घालतं, कारण नव्या वर्गीकरणात तांबट आणि वाळुंज एकाच कुळातले आहेत. तेव्हा कोवळी पानं कुरतडलेली दिसली की फवारणीचा पंप काढू नका, झाड पुन्हा पालवतं. खोडाला भोक आणि खाली भुसा दिसला तरच काळजीचं. ते खोडकिड्याचं काम. त्या भोकात तार घालून किडा मारा, आणि फांदी फारच पोखरलेली असेल तर खालून कापून जाळा.

आणि एप्रिलचा खड्डा कोरडा निघाला तर? वाळुंजाला रामराम करा, वाईट वाटून घेऊ नका. अशा जागी मी निर्गुडी लावतो. उंचवटा करून, म्हणजे वीतभर मातीचा ढीग घालून त्यावर. पावसात तिचे पाय ओले राहिले तरी चालतात, उन्हाळ्यात तिला कुणी विचारावं लागत नाही, छाटली की झुडूप राहते, आणि शेळ्या तिला तोंड लावत नाहीत. उंचवट्यांच्या मध्ये पाण्यात वाळा. हे दोन्ही मिळून चांगलं दिसतं. तुमच्याकडे खडकाळ तळाचा, वाहता ओहोळ असता तर मी शेरणी सुचवली असती. पान थेट विलोसारखं, उंची मुळातच झुडपाची, पुरात लवून पुन्हा उभी राहणारी. पण तिला वाहतं पाणी आणि दगडांची फट लागते, साचलेल्या चिखलात ती रमत नाही.

आत्ता नोव्हेंबर आहे, म्हणजे तुमच्याकडे वेळ आहे. यंदा काड्या फक्त पिशव्यांत भरून ठेवा, जागेवर एकही ठोकू नका. एप्रिलमध्ये खड्डा काढा, त्याच्या तळाचा फोटो शेजारी पट्टी ठेवून टाका, आणि टाकीपासून लांबच्या काठापर्यंतचं अंतर मोजून लिहा. दोन्ही समोर असलं की कुठे किती लावायची ते नेमकं सांगता येईल.